काळें शौच, रक्ताची ओकारी आणि दुर्बीण

यंदाच्या आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशीं पहाटे आमच्या आत्याबाई न्हाणीघराच्या उंबऱ्याशीं घेरी येऊन पडल्या. वय शहात्तर. आदल्या दिवशींचा निर्जळी उपवास, त्यांत रात्रीं भजनाचें जागरण. तेव्हां अशक्ततेनें भोंवळ आली असें घरांतल्या सर्वांनीं एकमतानें ठरविलें. वहिनींनीं लिंबाचें सरबत आणलें, थोरल्या बंधूंनीं पंखा लावून निजविलें, आणि दर महिन्यास या स्तंभांतून लोकांस आरोग्याच्या गोष्टी सांगणाऱ्या आम्हीं नाडी पाहून "जरा जलद आहे, दुपारपर्यंत उतरेल" असा निर्वाळा दिला. दुपारीं धाकट्या सूनबाईंनीं आम्हांस बाजूला बोलावून भीत भीत सांगितलें कीं, तीन दिवसांपासून आत्याबाईंना डांबरासारखें काळें शौच होत आहे. त्यांनीं शपथ घालून कोणास सांगूं नकोस म्हणून बजावलें होतें. आणि लोहाच्या गोळ्या चालू असल्यामुळें आपल्यालाही त्यांत कांहीं विशेष वाटलें नाहीं. लागलीच गाडी बोलावली. पण पहाटेपासूनचे आठ-नऊ तास फुकट गेले होते, आणि ते घालविण्यांत आमचा वाटा आत्याबाईंहून मोठा होता.

आपल्या घरांतून रक्तांतली साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचे आंकडे जेवतांनासुद्धां बिनदिक्कत बोलले जातात. शौचाचा रंग मात्र बोलण्याची गोष्ट नव्हे, त्यांतून बायकांनीं तर नव्हेच, अशी आपली समजूत आहे. या संकोचाची किंमत काय पडते हें समजण्यासाठीं तो रंग येतो कोठून हें आधीं पाहिलें पाहिजे.

अन्ननलिका, जठर आणि लहान आंतड्याचा पहिला वळसा, एवढ्या भागांत कोठेंही रक्तवाहिनी फुटली तर त्या रक्ताला दोन वाटा असतात. एकदम पुष्कळ वाहिलें तर तें वर येतें व लाल ओकारी होते. जठरांत कांहीं वेळ राहिलें तर तेथील आम्लानें त्याचा रंग पालटतो आणि ओकारींत कॉफीच्या चोथ्यासारखा गाळ दिसतो. जें खालीं उतरतें तें आंतड्यांतून जातां जातां काळें होतें. तें ओळखण्याची खूण अशी: हें शौच नुसतें काळें नसतें, तें चिकट व चकचकीत असतें आणि त्याला एकदां आली म्हणजे न विसरण्यासारखी उग्र घाण येते. लोहाच्या गोळ्यांनीं शौच काळपट-हिरवट होतें, पण तें घट्ट असतें व त्याला ती घाण नसते. एवढा भेद आमच्या घरांत ठाऊक असता तर पुढचें सारें तीन दिवस आधीं झालें असतें. असें शौच होण्यास अर्धी वाटी रक्तही पुरतें, म्हणून तें दिसलें कीं प्रसंग हाताबाहेर गेला असें मुळींच नव्हे. परंतु त्याजबरोबर घेरी, थंड घाम, मिनिटाला शंभराच्या वर नाडी, उभें राहतांच डोळ्यांपुढें अंधारी, यांपैकीं कांहीं असेल तर पुष्कळच रक्त गेलेलें आहे असें धरून चालावें.

आणखी एक फसवणूक येथें होते. रक्त वाहूं लागल्यावर पहिल्या कांहीं तासांत केलेल्या तपासणींत हिमोग्लोबिन पुष्कळदां चांगलेंच दिसतें. रक्तांतले कण आणि पाणी हीं दोन्ही सारख्याच प्रमाणांत गेलेलीं असतात; उरलेलें रक्त पातळ होण्यास वेळ लागतो. तेव्हां हिमोग्लोबिन अकरा असल्याच्या कागदावर विसंबून सकाळची वाट पाहूं नये.

ज्यांच्या घरीं आयुर्वेदाचे ग्रंथ आहेत त्यांस हा विकार अपरिचित नाहीं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत रक्तपित्तावर स्वतंत्र अध्याय आहे. (या शब्दाचा मराठींतल्या 'रक्तपिती'शीं घोटाळा करूं नये, तें कुष्ठरोगाचें बोलीतलें नांव आहे.) वरच्या वाटेनें जाणारें तें साध्य, खालच्या वाटेनें जाणारें तें याप्य, म्हणजे औषधानें रोखून धरण्यासारखें, आणि दोन्ही वाटांनीं जाणारें तें असाध्य, असा तेथें निवाडा आहे. नाकातोंडासह सर्वच द्वारांतील रक्त त्यांत धरलेलें असल्यामुळें तो आजच्या विकाराशीं तंतोतंत जुळणार नाहीं. पण वरून ओकारी व खालून काळें शौच अशी दोन्ही लक्षणें असलेल्या रोग्याविषयीं अधिक काळजी वाटावी हें आजही खरें आहे. फरक इतकाच कीं, ज्याला त्या काळीं असाध्य म्हणून सोडावें लागलें तो रोगी आज बहुधा वांचतो, आणि त्याच्या वांचण्यांत मोठा भाग आहे तो ज्याला आपण घरगुती बोलण्यांत 'पोटाची दुर्बीण' म्हणतों तिचा.

ही दुर्बीण मुळांत केवळ पाहण्यासाठीं निघाली. १८६८ सालीं जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें कुस्मौल नांवाच्या वैद्यानें तरवार गिळण्याचा खेळ करणाऱ्या एका मनुष्याच्या घशांतून धातूची सरळ नळी जठरापर्यंत उतरविली. उजेड अपुरा पडल्यामुळें दिसलें फारसें नाहीं. १९३२ त शिंडलर यानें थोडीशी लवणारी नळी केली, पण आंत भिंगांची रांग असल्यामुळें ती लवून लवणार किती? खरी अडचण प्रकाशाला वळण लावण्याची होती, आणि ती सुटण्यांत आपल्या देशांत जन्मलेल्या एका गृहस्थाचा हात आहे. पंजाबांतील मोगा येथले नरिंदरसिंग कपानी हे लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या हाताखालीं काम करीत होते. काचेच्या केसासारख्या तंतूंची जुडी वांकविली तरी तींतून चित्र पलीकडे नेतां येतें असें या दोघांनीं १९५४ सालीं दाखविलें. तें वाचून अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत बेसिल हिर्शोविट्झ यांनीं सहकाऱ्यांसह तशी नळी बनविली आणि १९५७ च्या फेब्रुवारींत ती प्रथम स्वतःच्याच घशांतून उतरविली. मग कांहीं दिवसांनीं एका रोगिणीच्या. घरांतलीं वडील माणसें "मेलें तरी चालेल, पण ती नळी नको" म्हणून हटून बसतात तेव्हां आम्ही त्यांस ही गोष्ट सांगतों. तिचा उपयोग होतोच असें नाहीं.

आजच्या दुर्बिणींत काचतंतूंच्या जागीं टोंकाशींच सूक्ष्म कॅमेरा असतो. नळी सुमारें करंगळीएवढी जाड असते व तिच्या पोटांतून तीन-चार मिलिमीटरची एक बारीक वाट गेलेली असते. साऱ्या गोष्टीचें मर्म त्या वाटेंत आहे. तींतून सुई जाते, चिमटा जातो, तापविणारी शलाका जाते. पाण्याचा झोत सोडून रक्त धुऊन काढतां येतें. पूर्वीं ज्यासाठीं पोट उघडावें लागे तें काम बहुतेकांच्या बाबतींत या वाटेनें होतें. "नुसतें पाहून काय करणार, औषध द्या" असें जे म्हणतात त्यांस हें ठाऊक नसतें कीं, येथें पाहणें आणि औषध या दोन निराळ्या गोष्टी राहिलेल्या नाहींत.

रुग्णालयांत पोंचल्यावर डॉक्टर तत्काळ नळी घालीत नाहींत याचा नातेवाइकांना राग येतो. आम्हांसही आला. आत्याबाईंच्या दोन्ही हातांना सुया लावून सलाइन सुरू झालें, रक्त गट जुळविण्यास गेलें, आम्ल दाबणारें औषध शिरेंतून दिलें. आणि दुर्बीण उद्यां सकाळीं, असें सांगण्यांत आलें. थोरल्या बंधूंनीं ओळखीपाळखीचीं नांवें काढावयास आरंभ केला. परंतु डॉक्टरांचें बरोबर होतें. हाँगकाँगमधील वैद्यांनीं धोक्यांत असलेल्या ५१६ रोग्यांचे दोन गट करून, एकांत तज्ज्ञांकडे सोंपविल्यापासून सहा तासांच्या आंत आणि दुसऱ्यांत सहा ते चोवीस तासांच्या दरम्यान दुर्बीण घातली. २०२० सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा कीं, घाईनें कांहींएक लाभ झाला नाहीं. तीस दिवसांतील मृत्यु घाईच्या गटांत शेंकडा ८.९ व दुसऱ्यांत ६.६ होते, आणि हा फरक नुसत्या योगायोगानें पडण्याइतकाच होता. कारण उघड आहे: रक्तदाब कोसळलेला, जठर रक्ताच्या गुठळ्यांनीं भरलेलें, अशा माणसाच्या पोटांत नळी गेली तर दिसत कांहीं नाहीं आणि ओकारी श्वासनलिकेंत जाण्याचें भय मात्र राहतें. पहिले तास नाडी, श्वास आणि रक्ताचे. नंतर चोवीस तासांच्या आंत दुर्बीण. जे सलाइन व रक्त देऊनही सांवरत नाहींत त्यांची गोष्ट निराळी. तसे रोगी त्या प्रयोगांत घेतलेलेच नव्हते, व त्यांच्यासाठीं अर्थातच सकाळची वाट कोणी पाहत नाहीं. म्हणून आमचें सांगणें एवढेंच कीं, घाई करावी ती रुग्णालय गांठण्याची.

निघण्यापूर्वीं घरीं करावयाचें थोडेंच आहे. रोग्याला डाव्या कुशीवर निजवावें, चालवूं नये. तोंडानें कांहीं देऊं नये; थंड दूध नाहीं, तूप नाहीं, बर्फ नाहीं, आणि आम्हीं पाजलें तें लिंबाचें सरबतही नाहीं. रोगी ज्या ज्या गोळ्या घेतो त्यांचीं सगळीं पाकिटें, बंद केलेल्यांचींसुद्धां, एका पिशवींत घालून बरोबर न्यावीं. या पिशवीची कथा पुढें येणारच आहे.

रुग्णालयांत नातेवाइकांच्या आणखी दोन मागण्या असतात. एक म्हणजे "भरपूर रक्त चढवा." बार्सिलोनांत नऊशेंहून अधिक रोग्यांवर केलेल्या व २०१३ त प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हिमोग्लोबिन ७ च्या खालीं गेल्यावरच ज्यांना रक्त दिलें त्यांच्यापैकीं सहा आठवड्यांनीं शेंकडा ९५ जिवंत होते, ९ च्या खालीं जातांच ज्यांना दिलें त्यांच्यापैकीं ९१. हृदयविकाराच्या रोग्यांना ही मर्यादा वरची ठेवतात, व धो धो रक्त वाहत असतां आंकड्यांकडे पाहत बसत नाहींत. पण सरसकट अधिक रक्त म्हणजे अधिक हित हा समज खोटा ठरला आहे. दुसरी मागणी 'रक्त थांबविण्याच्या इंजेक्शना'ची, म्हणजे ट्रानेक्झॅमिक ॲसिडची. बाळंतपणांतील रक्तस्रावांत त्याचा उपयोग आहे. पण पोटांतील रक्तस्रावाच्या बारा हजारांवर रोग्यांत तें वापरून पाहिलें तेव्हां मृत्यु कमी झाले नाहींत, उलट शिरांत रक्त गोठण्याचे प्रकार वाढले. हाही निष्कर्ष २०२० चाच.

दुसऱ्या दिवशीं आत्याबाईंच्या घशांत बधिर करणारा फवारा मारून, झोंपेचें थोडें औषध देऊन दुर्बीण घातली. आम्हांस पडद्यावर पाहूं दिलें. लहान आंतड्याच्या आरंभीं एक रुपयाहून लहान, पांढुरका व्रण होता आणि त्याच्या मध्यभागीं टांचणीच्या डोक्याएवढा तांबडा उंचवटा. तीच रक्तवाहिनी. त्या घटकेला तींतून रक्त येत नव्हतें, आणि आम्ही मनांतल्या मनांत म्हणालों, चला, थांबलें आहे. डॉक्टर तसें म्हणाले नाहींत. एडिंबरोच्या फॉरेस्ट यांनीं १९७४ त अशा व्रणांची जी प्रतवारी लावून दिली तींत चिळकांडी उडणारा व झिरपणारा व्रण पहिल्या प्रतींत येतो. पण रक्त थांबलेला परंतु वाहिनी उघडी दिसणारा व्रण त्याच्या लगेच खालोखाल आहे, कारण तो पुन्हां फुटण्याचा संभव मोठा. तळ स्वच्छ असलेला व्रण मात्र निरुपद्रवी; त्याला हात लावीत नाहींत व असा रोगी लवकर घरीं जातो. दुर्बिणीचा अर्धा उपयोग तर मला या निवडींतच दिसतो—पण 'मला' कसलें, थोरले बंधूही हेंच म्हणाले, तेव्हां 'आम्हांस' म्हणण्यास हरकत नाहीं.

उपाय पाहतां पाहतां झाला. प्रथम व्रणाच्या कडेला पाण्यांत दहा हजारांत एक या प्रमाणांत मिसळलेलें ॲड्रिनलिन टोंचलें. जागा फुगून वाहिनी दाबली गेली. एवढ्यावर थांबणें पुरेसें नसतें, कारण औषध जिरलें कीं दाबही जातो. म्हणून त्यावर धातूची एक बारीक क्लिप बसविली, वहिनी वाळत घातलेल्या साडीला चिमटा लावतात तशी. कोठें क्लिपऐवजीं शलाकेनें वाहिनी शेकून मिटवितात. जागा फारच अडचणीची असेल तर खनिजाची पूड फवारून तात्पुरता बांध घालतात. ती क्लिप कांहीं आठवड्यांनीं आपोआप गळून शौचावाटे जाते. त्यानंतर तीन दिवस आम्ल दाबणारें औषध शिरेंतून चालू ठेवलें. याचेंही कारण आहे: आम्लांत रक्ताची गुठळी टिकत नाहीं. हाँगकाँगमध्येंच २४० रोग्यांवर केलेल्या, २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दुर्बिणीच्या उपायानंतर असें औषध न दिलेल्यांपैकीं शेंकडा २२.५ जणांचें रक्त महिन्याभरांत पुन्हां वाहिलें, दिलेल्यांपैकीं ६.७. पुन्हां वाहिलेंच तर पुन्हां दुर्बीण. तीही फसली तर जांघेंतील धमनीवाटे बारीक नळी नेऊन ती वाहिनी बुजवितात, आणि शस्त्रक्रिया सर्वांच्या शेवटीं.

व्रणाखेरीज दुसरा मोठा प्रकार शिरांचा. आंतड्यांतील रक्त यकृतांतून जाऊन हृदयाकडे येतें. यकृत कठीण झालें, ज्याला सिरोसिस म्हणतात, कीं त्या रक्ताला आडवाट शोधावी लागते व अन्ननलिकेच्या खालच्या टोंकाच्या शिरा फुगून येतात. त्या फुटल्या म्हणजे पातेलें भरून लाल ओकारी होते, आणि येथें बारा तासांच्या आंत दुर्बीण घालावी असा संकेत आहे. तत्पूर्वीं शिरांतील दाब उतरविणारें औषध व प्रतिजैविक सुरू करतात. १९३९ त स्वीडनमध्यें क्राफर्ड व फ्रेंकनर यांनीं सरळ नळींतून अशा शिरांत औषध टोंचून त्या आटविल्या होत्या. पुढें १९८० च्या दशकांत अमेरिकेंत डेन्व्हर येथें स्टीगमन यांनीं मूळव्याधीच्या मोडाला रबराचें कडें बसविण्याची जुनी युक्ति अन्ननलिकेंत नेली: दुर्बिणीच्या टोंकाशीं शीर ओढून घ्यावयाची व तिच्या बुडाशीं कडें सोडून द्यावयाचें. जठरांतल्या फुगलेल्या शिरांना हें कडें नीट बसत नाहीं. त्यांत गोंदासारखें चटकन् घट्ट होणारें द्रव्य टोंचतात, जी रीत हांबुर्गच्या सोहेंद्रा यांनीं १९८६ त प्रसिद्ध केली. कडीं बसविणें एका वेळेंत संपत नाहीं. दोन ते चार आठवड्यांनीं पुन्हां जावें लागतें, शिरा नाहींशा होईपर्यंत. रक्त थांबलें म्हणून पुढची खेप चुकविणारे रोगी परत येतात ते भरल्या पातेल्यासह.

येथें एक गोष्ट स्पष्ट लिहावीशी वाटते. यकृत कठीण झालें असें निदान झालें कीं आपल्या घरांत कुजबूज सुरू होते, आणि आयुष्यांत मद्याला न शिवलेला माणूस तोंड लपवूं लागतो. मद्य हें एक कारण आहे, एकमेव नव्हे. ब आणि क जातीची कावीळ, आणि मधुमेह व स्थूलपणा यांच्यासंगें यकृतांत सांठणारी चरबी, यांनींही तेंच होतें. लहान मुलांत तर यकृत निरोगी असतां केवळ त्याकडे जाणारी मोठी शीर बुजल्यामुळें अशी ओकारी होते. निदान लपविल्यानें उपाय तेवढा लांबतो.

आतां त्या पिशवीकडे येऊं. आत्याबाईंच्या पाकिटांत हृदयासाठीं रोज घ्यावयाची ॲस्पिरिनची लहान गोळी होती. तीन वर्षांपूर्वीं त्यांच्या हृदयाच्या वाहिनींत स्टेंट बसविलेला आहे. ती आम्हांस ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती गुडघ्यांसाठीं शेजारणीनें सुचविलेली डायक्लोफेनॅकची गोळी, जी त्या दोन महिने दिवसांतून दोनदां, पुष्कळदां उपाशीं पोटीं, घेत होत्या. जठराच्या आंतल्या अस्तराचें आम्लापासून रक्षण करणारें जें द्रव्य शरीर तयार करतें तें या गोळ्या बंद पाडतात. जेवणानंतर घेतल्यानेंही हा धोका टळत नाहीं. दोन अशा गोळ्या एकत्र आल्या म्हणजे तो पुष्कळच वाढतो. आमच्या घरांत औषधांचा डबा एकच आणि त्यांतून जो तो आपल्या मतीप्रमाणें उचलतो. वाचकांच्या घरीं निराळें असल्यास आनंद आहे.

डायक्लोफेनॅक कायमची बंद झाली. वहिनींनीं ॲस्पिरिनही केराच्या टोपलींत टाकली होती, ती आम्हांस उचलावी लागली. हृदयाची वा मेंदूची वाहिनी एकदां बुजून गेलेल्या माणसाची ॲस्पिरिन रक्तस्रावाच्या भीतीनें आपल्या मनानें कायमची सोडणें हें घातक आहे. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत असे १५६ रोगी घेऊन दुर्बिणीच्या उपायानंतर निम्म्यांना ॲस्पिरिन चालू ठेवली व निम्म्यांना तिच्यासारखी दिसणारी पोकळ गोळी दिली. ॲस्पिरिनवाल्यांत पुन्हां रक्त वाहण्याचें प्रमाण अधिक होतें, शेंकडा १०.३ विरुद्ध ५.४, पण आठ आठवड्यांत मृत्यु त्यांच्यांत १.३ आणि न घेणाऱ्यांत १२.९. कोणत्या दिवशीं पुन्हां सुरू करावयाची हें हृदयाचे व पोटाचे डॉक्टर मिळून ठरवितात. आत्याबाईंची तिसऱ्या दिवशीं सुरू झाली, बरोबर आम्ल दाबणारी गोळी जोडून.

व्रणाचें दुसरें मोठें कारण हेलिकोबॅक्टर नांवाचा जंतु. ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें वॉरेन व मार्शल यांनीं १९८२ त तो वाढवून दाखविला, आणि कोणी विश्वास ठेवीना म्हणून १९८४ त मार्शल यांनीं तो स्वतः पिऊन पाहिला. २००५ चें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें. आत्याबाईंच्या जठराचा तुकडा तपासला तेव्हां तो जंतु सांपडला. रक्त वाहत असतांच्या काळांत तो पुष्कळदां चुकून सांपडत नाहीं, म्हणून 'नाहीं' असें उत्तर आल्यास तपासणी पुन्हां करून घ्यावी लागते. चौदा दिवसांचीं औषधें झालीं आहेत. तो खरोखर गेला कीं नाहीं हें पाहण्याची फुंकरीची तपासणी औषधें संपल्यावर निदान चार आठवड्यांनीं करावयाची असल्यामुळें ती गौरी-गणपति झाल्यावर आहे.

आत्याबाईंनीं द्वादशीचें राहिलेलें पारणें पौर्णिमेला भाताच्या पेजेनें सोडलें. घरीं आल्यावर डॉक्टरांची आज्ञा म्हणून त्या रोज सकाळीं शौचाचा रंग सूनबाईंना न चुकतां सांगतात. मात्र आतां त्या तो माजघरांतून, आम्ही सर्व चहाला बसलेले असतां, मोठ्यानें सांगतात.